मदत हवी आहे: मुलींचा अंडर-१७ विश्वचषक, नवी मुंबई. स्वयंसेवक म्हणून 'शॅपरोन'ला नक्की काय करावं लागतं?

खारीचा_वाटा | १५ सप्टेंबर २०२२, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राहते डोंबिवलीत. येत्या ११ ते ३० ऑक्टोबरला मुलींचा सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक भारतात आहे. भुवनेश्वर, मडगाव आणि आपलं नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. मी स्वयंसेवक म्हणून अर्ज भरला होता. ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं तेव्हा सगळं बोंबललं असं धरून मी मामाकडे सांगलीला जाऊन बसले. २६ तारखेला निलंबन उठलं आणि गेल्या आठवड्यात चक्क निवड झाल्याचा मेल आला!

पण अर्जात मी मीडिया आणि टीम सर्व्हिसेस निवडलं होतं. मिळालंय 'डोपिंग कंट्रोल, शॅपरोन'. म्हणजे खेळाडूंनी बंदी असलेली औषधं घेतलीत का, हे लघवीच्या नमुन्यातून तपासणारा विभाग.

घरी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "म्हणजे तू पोरींच्या लघवीची राखण करणार?" तेव्हापासून रोज जेवताना हाच विषय. आई हसत नाही, पण तिची काळजी वेगळी आहे: रात्री ८ च्या मॅचनंतर मी डोंबिवलीला कशी येणार.

प्रशिक्षण स्पर्धेच्या जरा आधी आहे, आणि होकार मात्र सोमवारपर्यंत कळवायचाय. म्हणून विचारते. शॅपरोन नक्की काय करतो? खेळाडू नमुना देताना तिच्यासमोर उभं राहायचं का? (याचीच जास्त धास्ती आहे.) मॅच बघायला मिळते का? विभाग बदलून मागितला तर वाईट दिसेल का? आणि १८ ऑक्टोबरला कॉलेजची इंटर्नल आहे, त्या दिवशी सुट्टी देतात का?

कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

लिंबूसरबत | १६ सप्टेंबर, सकाळी ८.०५

बाबांनी शब्द अगदी नेमका वापरलाय. :D

गंमत सोड. मी असते तर विभाग बदलून मागितला असता. फुकट राबायचं, वर फुटबॉलही दिसणार नाही, मग कशाला? मीडियात निदान चार ओळखी होतात.

सीवूड्सकर | १६ सप्टेंबर, दुपारी १.२०

थांब, घाईने नकार कळवू नकोस. मी २०१७ च्या मुलांच्या अंडर-१७ विश्वचषकात याच स्टेडियमवर शॅपरोन होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

धास्ती आधी काढून टाकू. नमुना देताना प्रत्यक्ष बघायचं काम आमच्याकडे डोपिंग कंट्रोल अधिकाऱ्याचं होतं, आणि तो अधिकारी खेळाडूच्याच लिंगाचा असतो. शॅपरोन दाराबाहेर. मुलींच्या स्पर्धेत शॅपरोनही शक्यतो मुलीच घेतात. तू मुलगी, वर फिजिओची विद्यार्थिनी, म्हणून तुझं नाव उचललं असणार.

आता काम. आमच्या वेळी हाफटाइमला दोन्ही संघांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या काढून पाकिटात बंद करायचे. मॅच संपायला साधारण पंधरा मिनिटं उरली की पाकीट उघडायचं. तेव्हा तुला कळतं की तुझ्या वाट्याला कोण. तिथून पुढे तू तिची सावली. शिट्टी वाजून ती मैदानाबाहेर आली की तिला गाठायचं, ओळखपत्र दाखवायचं, चाचणी आहे हे सांगायचं, कागदावर सही आणि वेळ घ्यायची. त्या क्षणापासून ती खोलीत पोचेपर्यंत नजर हलवायची नाही. ती मुलाखत देईल, पदक घ्यायला जाईल, डॉक्टर पायाला बर्फ लावेल. जाऊ दे, अडवायचं नाही, पण तू मागे. "पटकन टॉयलेटला जाऊन येते" म्हणाली तर मात्र नाही. अंघोळीचंही तेच, नमुना आधी.

पाणी हा सगळ्यात चुकायचा मुद्दा. आपल्याला सवय असते ना, दमलेलं माणूस दिसलं की बाटली पुढे करायची? तू करायची नाहीस. सीलबंद बाटल्या ठेवलेल्या असतात, त्यातली तिने स्वतः उचलायची आणि स्वतः उघडायची. संघातल्या मैत्रिणीच्या बाटलीतला घोट घ्यायला लागली तर सावध कर.

मग सुरू होतं वाट बघणं. किमान ९० मिलिलिटर नमुना लागतो. नव्वद मिनिटं घाम गाळलेल्या पोराकडून तेवढं निघायला तास-दीड तासही लागतो. काहीजण घाबरून ढसाढसा पाणी पितात, मग नमुना इतका पातळ येतो की पुन्हा द्यावा लागतो. त्या खोलीत मी एकदा मध्यरात्र पाहिलीय. खेळाडू, त्यांचा डॉक्टर, अधिकारी, मी, आणि कुणाच्याही हातात काही नाही.

मॅचचं विचारलंस. २५ ऑक्टोबर २०१७, माली विरुद्ध स्पेन, सेमीफायनल, आपल्या नेरुळमध्ये. स्पेन ३-१. मी स्टेडियममध्येच होतो, आणि गोल रात्री घरी मोबाइलवर बघितले. ड्यूटी असेल त्या मॅचचा पूर्वार्ध थोडाफार दिसतो, उत्तरार्ध विसर.

वेताळटेकडी | १६ सप्टेंबर, रात्री ९.४५

मी पुण्याची. २००८ च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेत (१२ ते १८ ऑक्टोबर, बालेवाडी) वाहतूक विभागात होते. सत्तरहून जास्त देशांची मुलं, नऊ खेळ, आणि माझ्या हातात एक वॉकीटॉकी नि बसची यादी. स्पर्धेचा शुभंकर असलेल्या 'जिगर' वाघाचा टीशर्ट अजून कपाटात आहे. सायना नेहवालने बॅडमिंटनचं सुवर्ण तिथे जिंकलं, असं मी अभिमानाने सगळ्यांना सांगते. त्या वेळी मी पार्किंगमध्ये बस मोजत होते हे सांगत नाही.

लिंबूसरबतशी मी सहमत नाही. 'चांगला विभाग' ही बाहेरून वाटणारी गोष्ट आहे. मीडियात गेलीस तरी खुर्च्या मांडायच्या आणि झेरॉक्स वाटायच्या.

मला एक वेगळं सांगायचंय. ही खेळाडू म्हणजे लेकरं आहेत गं. २००५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या. तू वीस-एकवीसची असशील, त्या पंधरा-सोळाच्या. हरून आलेली मुलगी आणि समोर अनोळखी तू, "आता चाचणी आहे" म्हणणारी. आमच्या बसमध्ये एक कुस्तीतला पोरगा खेळाडू-निवासापर्यंत टॉवेलात तोंड खुपसून बसला होता. मी शहाणपणाने "इट्स ओके" म्हणाले, तर त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग गप्प बसून राहिले. तेच बरं पडलं.

अल्पवयीन खेळाडूबरोबर तिच्या संघातलं मोठं माणूस असतंच, एकटी पडू द्यायची नाही. सेल्फी, इन्स्टा, नंबर, भेटवस्तू यातलं काही नको. तिने आपणहून मागितलं तरी नको. आणि तुझ्या गळ्यातल्या पासाचा फोटो स्टेटसला टाकू नकोस, हे हात जोडून सांगते. आमच्या वेळी फेसबुक नुकतं आलं होतं, वाचलो.

खारीचा_वाटा | १७ सप्टेंबर, सकाळी १०.१०

बाप रे, इतकं सविस्तर! सीवूड्सकर दादा, वेताळटेकडी ताई, मनापासून धन्यवाद. दाराबाहेर उभं राहायचं हे वाचून जीव भांड्यात पडला. बाबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नव्वद मिलि? चहाचा कप तेवढाच असतो."

अजून दोन शंका. आपल्याकडच्या गटात स्पेन, कोलंबिया, मेक्सिको आणि चीन आहेत. म्हणजे चारातल्या तिघी स्पॅनिशवाल्या, आणि मला स्पॅनिश ओ की ठो येत नाही. आणि मध्यरात्र झाली तर घरी कसं यायचं?

सीवूड्सकर | १७ सप्टेंबर, दुपारी १२.३०

चाचणीची माहिती द्यायचा मजकूर छापलेला असतो, संघाचा डॉक्टर समजावतो, दुभाष्याही मिळू शकतो. नियम मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये स्वतः समजवायला जाऊ नकोस, अर्थाचा अनर्थ होईल. 'ओला' (नमस्कार), 'आग्वा' (पाणी), 'पोर फावोर' (प्लीज), 'ग्रासियास' (धन्यवाद), एवढं पुरे. आणि 'बान्यो' म्हणजे टॉयलेट. हा शब्द कानावर आला की कान टवकार!

सुट्टीचं आत्ताच लेखी कळव. परीक्षा आहे म्हटल्यावर कुणी खात नाही. आयत्या वेळी गायब होणाऱ्यांचा राग येतो, आधी सांगणाऱ्यांचा नाही.

ठाण्याची_सून | १७ सप्टेंबर, दुपारी ३.१५

आईच्या बाजूने लिहिते. "ड्यूटी किती वाजता संपते?" असं विचारू नकोस, गोल उत्तर मिळेल. "नमुना उशिरा मिळाला तर स्वयंसेवकांना घरी सोडायची सोय आहे का?" असं विचार. नेरुळहून ठाणे आणि ठाण्याहून डोंबिवली, दोन गाड्या जुळायला हव्यात. ठाण्याकडे जाणारी शेवटची गाडी चुकली की सगळंच चुकलं. रात्री ८ च्या मॅचच्या दिवशी नेरुळ-सीवूड्सकडेच राहायची सोय बघ. माझी नणंद नेरुळला असते, दोन मुली आहेत घरात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

लिंबूसरबत | १७ सप्टेंबर, दुपारी ३.४०

माझा सल्ला मागे. पण मॅच दिसणार नाही हे माझं बरोबर निघालं की नाही?

खारीचा_वाटा | १ नोव्हेंबर २०२२, रात्री १०.२०

धागा वर काढते, कारण सांगायचं राहिलंय.

होकार कळवला होता. १८ ची सुट्टी मिळाली, पेपर बरा गेला. ठाण्याची_सून ताई, तुमच्या नणंदेकडे पाच रात्री राहिले. लक्ष्मीपूजनाला घरी होते, पण पिशवीत फराळ त्यांच्याकडचा होता.

कुणाची चाचणी झाली, कुठल्या संघाची, हे सांगणार नाही, विचारू नका. एकीबद्दल फक्त इतकंच. पहिल्या प्रयत्नात कमी पडलं, ते सीलबंद करून ठेवलं आणि पुन्हा बसलो. तिची डॉक्टर डुलक्या काढत होती. त्या खेळाडूने माझ्याकडे बघून "आग्वा?" विचारलं. मी फक्त बाटल्यांकडे बोट दाखवलं, उचलून दिली नाही (दादा, हात पुढे गेला होता हो!). मग बाटलीकडे बोट करून तिने भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "पाणी." ती म्हणाली "पानी." मी म्हटलं, "पाणी, ण." हा 'ण' पंधरा मिनिटं चालला. तिला जमला नाही, पण नमुना झाला.

फायनलला ८२व्या मिनिटाला स्टेडियममध्ये जो आवाज झाला तो मी खालच्या बोळातून ऐकला. कोलंबियाचा स्वयंगोल होता आणि स्पेन १-० ने जिंकलं, हे शिट्टीनंतर कळलं. लिंबूसरबत, तुमचं बरोबर निघालं.

बाबा आता सकाळी चहा गाळताना कप माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, "बघ गं, नव्वद भरले का?"