मेल्कचा मठ: आत जास्त वेळ द्यावा की बागेत?

सायली_फिरस्ती: जुलैमध्ये आईला घेऊन व्हिएन्नाला जातेय, त्यातला एक दिवस जवळच्या मेल्क गावातल्या बेनेडिक्टाइन (ख्रिस्ती संन्याशांच्या) मठासाठी ठेवलाय. आईचे गुडघे दुखतात आणि मठ तर टेकडीवर, स्टेशनपासून चढ झेपेल का? आणि बाग खरंच बघण्यासारखी आहे की आतलंच बघून निघावं?

डोंगरवाट: बाग अजिबात सोडू नका! व्हिएन्नाहून ट्रेनने साधारण सव्वा तास लागतो, बऱ्याचदा सांक्ट प्योल्टनला गाडी बदलावी लागते, स्टेशनच्या बाहेर आलात की पिवळा मठ समोर दिसतोच. चालत पंधरा-वीस मिनिटं धरा पण चढ आहे, काकूंसाठी सरळ टॅक्सी करा. मठ इथे 1089 पासून आहे पण आत्ताची बरोक (भरपूर सजावटीच्या जुन्या युरोपीय शैलीतली) इमारत वास्तुकार याकोब प्रांडटाउअरने 1702 पासून बांधायला घेतली. संगमरवरी हॉलमध्ये छताकडे नक्की बघा, छत जवळपास सपाट आहे पण चित्र असं काढलंय की वर कमानीच कमानी उठल्यासारख्या वाटतात. तिथून गच्चीवर आलं की खाली गाव आणि डॅन्यूब नदी, मग लायब्ररी, आणि लायब्ररीतून चर्चकडे गोल जिना उतरतो. तोच त्रासाचा आहे, दुसरी वाट आहे का ते तिकीट घेतानाच विचारून घ्या.

पानगळ: माझं मत थोडं वेगळं, आईंना आधी बागेत न्या. जुन्या लिंडनच्या झाडांखाली मस्त सावली असते, आणि बागेतल्या पॅव्हिलियनच्या (छोट्या इमारतीच्या) भिंती तर चुकवूच नका, योहान बर्गलने 1760 च्या दशकात सगळीकडे ताडाची झाडं, पक्षी, प्राणी, दूरदेशीची माणसं रंगवलीयत. भिंतीचा कोपरा कुठे संपतो तेच कळत नाही, इतकं ते जंगल छतापर्यंत चढत गेलंय! मठातल्या सोन्याने डोळे दिपतात हे खरं, पण मला हे जास्त भावलं. तिथेच कॅफे आहे, त्यामुळे बसून निवांत बघता येतं.

सायली_फिरस्ती: वा, मग आधी बागच. आईला झाडांचं भारी वेड आहे. येताना बोटीने आलो तर?

डोंगरवाट: क्रेम्स गावापर्यंत बोटीने या की, प्रवाहाच्या दिशेने जाते म्हणून वेळ कमी लागतो, दोन्ही काठांना वाखाउ खोऱ्यातले द्राक्षमळे दिसतात. पुढे क्रेम्सहून व्हिएन्नाला ट्रेन आहे. फक्त बोटी दिवसातून मोजक्याच असतात, तेव्हा आधी बोटीची वेळ बघा आणि मग सकाळची ट्रेन ठरवा.