आईला घेऊन व्हॅटिकनला जायचंय, काय काय सांभाळावं?

परभणीकर
मेच्या शेवटी आईला घेऊन रोमला जायलोत. व्हॅटिकनला एकच दिवस ठेवलाय. ट्रॅव्हलवाला म्हणतो रविवारी जा. आईचं वय 68, गुडघे धरतात, माळकरी आहे, साडीच नेसते. वेगळा व्हिसा लागतो का? आणि तिथलं सिस्टीन चॅपल, म्हणजे छतावर चित्रं असलेलं ते प्रार्थनागृह, नीट बघायचं तर कसं?

ड्रॉइंग मास्तर, अंबाजोगाई
रविवार नको. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, आणि सिस्टीन त्यांच्या आतच आहे. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि फुकट, पण त्या दिवशी दुपारी 12.30 नंतर आत घेत नाहीत आणि गर्दी मरणाची. बुधवारी सकाळी सेंट पीटर बॅसिलिका या मोठ्या चर्चसमोरच्या चौकात पोपची सभा असते, तोवर बॅसिलिकात जाता येत नाही. मंगळवार किंवा गुरुवार धरा. व्हिसा इटलीचाच चालतो. साडीला काही अडचण नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तुम्हीही हाफ पँट घालू नका.

बॅसिलिकाला तिकीट नाही, फक्त तपासणीची रांग. सकाळी 7 ला उघडते, तेव्हाच जा. संग्रहालयाचं तिकीट मात्र त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून वेळ ठरवून आधीच काढा, दुपारचं. दोन्हींची दारं वेगळी आहेत, मधे तटाला वळसा पडतो. आईंच्या चालीने अर्धा तास लागेल.

आता सिस्टीन. मी वर्षानुवर्षं पोरांना अजिंठ्याला नेत आलोय, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. अजिंठ्याचे रंग वाळलेल्या गिलाव्यावर आहेत. इथलं छत मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 मध्ये ओल्या चुन्यावर रंगवलं. चुना ओला आहे तोवर जेवढं रंगवून होईल, तेवढाच गिलावा रोज लावायचा. वेदीच्या विरुद्ध टोकाला बायबलमधल्या नोहाच्या प्रलयाचं चित्र शोधा: माणसं लहान, दाटीवाटीने भरलेली. निम्मं काम झाल्यावर परांची काढली, त्याने खालून पाहिलं, आणि पुढच्या चित्रांत आकृत्या मोठ्या आणि मोजक्या केल्या. देव पहिल्या माणसाला घडवतो ते 'ॲडमची निर्मिती' त्यातलंच. हा फरक एकदा दिसला की आख्खं छत उलगडत जातं.

छत 20 मीटर उंच आहे, छोटी दुर्बीण न्याच. भिंतीला लागून बाक आहेत. जागा मिळेपर्यंत थांबा, आईंना बसवा, मग वर बघा. आत फोटो नाही, बोलायचंही नाही, म्हणून जे सांगायचं ते आदल्या रात्री सांगून ठेवा. वेदीमागच्या भिंतीवरच्या 'अंतिम न्याय' या चित्रात संत बार्थोलोम्यूच्या हातात सोललेली माणसाची कातडी आहे. तिच्यावरचा चेहरा मायकेलअँजेलोचा स्वतःचा मानतात. तो आईंना नक्की दाखवा.

जालन्याची ताई
दादा, आम्ही कॅथलिक, आमच्या चर्चच्या लोकांबरोबर जाऊन आलो. मास्तरांनी कलेचं सांगितलंच आहे, मी देवाचं सांगते. बॅसिलिकात शिरल्यावर उजव्या हाताला पिएता आहे, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मरियेची मायकेलअँजेलोने घडवलेली मूर्ती. 1972 मध्ये एकाने हातोडीने घाव घातले, तेव्हापासून काचेआड आहे. तिच्या शेजारच्याच चॅपलमध्ये पूर्वीचे पोप संत जॉन पॉल दुसरे यांची कबर. तिथे लोक गुडघे टेकून असतात, तेवढं जपून चाला. पुढे येशूचा शिष्य संत पीटरची काशाची मूर्ती. भाविकांनी हात लावून लावून तिच्या उजव्या पावलाची बोटं पार झिजलीत. पायरीला डोकं टेकवणाऱ्या आपल्या माणसाला ते लगेच कळतं. मी तिथून हलूच शकले नाही.

मिस्सा, म्हणजे आमची प्रार्थना, चालू असेल तर आईंना मागे बसू द्या, कुणी उठवत नाही. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या, रांगेत मात्र जाऊ नका, ते कॅथलिकांसाठीच असतं. आणि पोपच्या सभेची तिकिटं फुकट असतात, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

परभणीकर
ताई, मास्तर, लई उपकार. मंगळवार पक्का केला. बॅसिलिकाच्या घुमटावर आईला नेता येईल का? आणि खाण्यापिण्याचं?

ड्रॉइंग मास्तर, अंबाजोगाई
लिफ्ट फक्त गच्चीपर्यंत जाते. तिथून पुढे 320 पायऱ्या, शेवटी जिना अरुंद आणि भिंत तिरकी. आईंना गच्चीपर्यंतच न्या, तिथून घुमट अगदी जवळून दिसतो. संग्रहालयात व्हीलचेअर फुकट मिळते, संकोच न करता मागा. खायला पिझ्झा मार्गेरिता मागवा, त्यावर टोमॅटो, चीज आणि तुळस एवढंच असतं. रोममध्ये रस्तोरस्ती सतत वाहणारे लोखंडी नळ आहेत, पाणी पिण्याचंच आहे. रिकामी बाटली जवळ ठेवा.