'पुट ऑफ'चा नेमका अर्थ कशावरून ओळखायचा?

प्रश्न
'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, एवढंच पाठ आहे. पण 'द स्मेल पुट मी ऑफ' या वाक्यात तो अर्थ बसत नाही. शिवाय 'ऑफ' कधी क्रियापदाला लागून, कधी शेवटी का येतो?

प्रतिसाद १
आधी कर्म बघा. बैठक, परीक्षा, निर्णय असं काही असेल तर पुढे ढकलणे: 'दे पुट ऑफ द एक्झाम टिल मंडे'. कर्म माणूस असेल तर कर्त्याकडे वळा. वास, किंमत, कुणाचं वागणं असा कर्ता असेल तर मन उडणे, नकोसं होणे. आवाज किंवा गडबड असेल तर बहुतेक वेळा लक्ष विचलित होणे. कर्ताही माणूस आणि पुढे 'विथ एक्स्क्यूजेस' आलं, तर सबबी सांगून टोलवणे. 'द न्यूज पुट मी ऑफ माय फूड' म्हणजे बातमी ऐकून जेवणावरची वासनाच उडाली.

प्रतिसाद २
जागेचं सांगतो. कर्म नाम असेल तर 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही बरोबर. सर्वनाम मात्र मध्येच हवं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूक. कर्म लांबलचक असेल तर 'ऑफ' आधी उरकून टाकावा, नाहीतर तो वाक्याच्या शेपटाला लोंबकळतो.

पुढे क्रिया आली तर 'आय पुट ऑफ गोइंग'. 'टु गो' नाही. ही चूक फार दिसते. आणि 'पुट'चा भूतकाळही 'पुट'च, त्यामुळे 'ही पुट ऑफ द ट्रिप' हे भूतकाळी वाक्य आहे. वर्तमानकाळ असता तर 'पुट्स' आलं असतं.

प्रतिसाद ३
'कॉल ऑफ'शी गल्लत नको. तिथे कार्यक्रम रद्दच होतो, इथे फक्त तारीख बदलते. दिवा बंद करण्यासाठी 'पुट ऑफ' चालतं, पण 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' जास्त रुळलेलं आहे. कपडे, बूट काढायला 'टेक ऑफ'च वापरा.

प्रश्नकर्ता
मग 'द नॉइज पुट हर ऑफ' म्हणजे लक्ष उडालं की मन?

प्रतिसाद १
एवढ्यावरून दोन्ही निघतं. पुढचे शब्द ठरवतात: 'ऑफ हर गेम' असेल तर खेळातलं लक्ष उडालं, 'ऑफ लिव्हिंग देअर' असेल तर तिथे राहण्यावरून मन उडालं.