मदत हवी आहे: व्रणांना ० टक्के दिले, अपील कसं करायचं?

कोकमसार
नवरा आर्मीतून बाहेर पडलाय. जखमांचे व्रण नोकरीतलेच आहेत हे त्यांनी मान्य केलं, पण अपंगत्वाचे टक्के दिले शून्य. अपिलाची मुदत संपत आलीय. कुठला फॉर्म, वकील लागतो का, किती वेळ लागतो, एवढंच सांगा. 'धीर धरा' वगैरे नको, प्लीज.

माणदेशी
ताई, रिलीज मेडिकल बोर्डाच्या (निवृत्तीवेळच्या वैद्यकीय तपासणीच्या) कार्यवाहीची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा. त्यात दोन गोष्टी बघा: दुखापत 'अ‍ॅट्रिब्युटेबल' (नोकरीमुळे झालेली) लिहिलीय का, आणि टक्केवारी २० च्या खाली आहे का. २० च्या खाली असेल तर पेन्शनचा डिसॅबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाचा भाग) मिळत नाही, सगळी मेख तिथेच असते. पहिलं अपील सहा महिन्यांत. तिथे फेटाळलं तर दुसरं, मग आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचं मुंबई खंडपीठ. एकदा २० मान्य झाले की राउंडिंगमध्ये ५० होतात. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालानंतर मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही हा लाभ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहून देतात, फुकट. इंज्युरी रिपोर्ट आहे ना?

कोकमसार
अहो भारताची नाही, यूएस आर्मी. आम्ही न्यू जर्सीत आहोत. व्हीएचं (माजी सैनिकांचं सरकारी खातं) पत्र आलंय.

माणदेशी
मग धाग्यात तसं लिहायचं ना! 😀

बाभूळ
कोकमसार, चार गोष्टींशिवाय कुणालाच नीट सांगता येणार नाही. पत्राची तारीख? व्रण किती आणि कुठे? दुखतात का, त्यावरची कातडी वरचेवर सुटते का? तपासणीच्या रिपोर्टमध्ये मापं काय लिहिलीत? पत्रात बहुतेक वेळा डायग्नॉस्टिक कोड (कुठल्या नियमाखाली टक्के दिले तो क्रमांक) नसतो, तो फाइलमधल्या कोडशीटवर असतो.

तिरफळ
कशाला एवढं? सरळ हायर-लेव्हल रिव्ह्यू (वरिष्ठाकडून फेरतपासणी) टाका, फॉर्म २०-०९९६. सोबत इन्फॉर्मल कॉन्फरन्स मागा, वरिष्ठ अधिकारी फोनवर ऐकून घेतो. व्हीएचं उद्दिष्ट सरासरी १२५ दिवसांचं आहे. व्हीएच्या अपील बोर्डाकडे गेलात तर बसा वाट बघत.

बाभूळ
तिरफळ, हायर-लेव्हलमध्ये नवा पुरावा चालत नाही. रिपोर्टमध्ये 'दुखत नाही' असं लिहिलं असेल तर वरचा अधिकारी तोच कागद वाचून तेच ठरवणार. तिथे सप्लिमेंटल क्लेम लागतो, २०-०९९५, आणि त्याला नवा व संबंधित पुरावा जोडावा लागतो.

तिरफळ
आणि परीक्षकाने मापंच घेतली नसतील तर? ती 'ड्युटी टु असिस्ट'मधली (पुरावा जमवायला मदत करायच्या व्हीएच्या कर्तव्यातली) चूक, केस परत जाते आणि तपासणी पुन्हा होते. कागद न बघता तुम्हीही सप्लिमेंटल सांगताच आहात.

बाभूळ
म्हणूनच रिपोर्ट मागतोय.

सायली_पुणे
सिलिकॉन जेल शीट वापरून बघा. रोज १२ तासांहून जास्त, दोन-तीन महिने. फुगलेले व्रण बसतात. साध्या डागांना आमच्याकडे कैलास जीवनच.

तिरफळ
सायली, व्रण घालवायचे नाहीयेत, मोजायचेत.

कोकमसार
पत्र मागच्या सप्टेंबरचं. एक व्रण जबड्याखाली मानेवर, तीन डाव्या हातावर, त्यातला एक कोपरावरून गेलाय आणि हात पूर्ण सरळ होत नाही. चारही दुखतात. मानेवरच्याला कॉलर घासली की जास्तच. पण तपासणीत विचारलं तेव्हा हा 'फाइन' म्हणाला. रिपोर्ट कुठे मिळतो?

बाभूळ
'फाइन' म्हणाला तिथेच शून्य आलं. फौजी माणसाला हे आधी सांगूनच पाठवावं लागतं.

रिपोर्ट फॉर्म २०-१०२०६ भरून मागवता येतो, पण तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. माजी सैनिकांच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या, म्हणजे डीएव्ही, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू यांच्या प्रतिनिधीला फॉर्म २१-२२ वर नेमा. तो फाइल संगणकावर उघडून कोड आणि मापं लगेच सांगतो. पैसे घेत नाही.

आता हिशोब. कोड ७८०४ मध्ये दुखरे व्रण मोजतात: एक-दोन असतील तर १० टक्के, तीन-चारला २०, पाच किंवा जास्त असतील तर ३०. तुमचे चार, म्हणजे २०. मान ७८०० मध्ये येते. त्यात विद्रूपतेची आठ लक्षणं आहेत आणि एक जरी लागू झालं तरी १० टक्के. सगळ्यात सोपं रुंदीचं: सर्वांत रुंद जागी पाव इंच, म्हणजे ०.६ सेंमी. लांबीचं लक्षण १३ सेंमीला लागतं. हाताने चाचपल्यावर वर आलेला किंवा खोलगट लागत असेल, खालच्या मांसाला चिकटलेला असेल, तर तीही लक्षणं. दोन-तीन जमली की ३० टक्के. मानेचा व्रण ७८०० मध्ये धरला तरी ७८०४ मध्येही मोजता येतो, नियमाच्या टिपेतच तसं आहे. हे परीक्षक विसरतात.

कोपर ७८०५ मधून (व्रणाचे इतर परिणाम) सांध्याच्या कोडवर जातो. सरळ होताना ४५ अंशांवर अडत असेल तर १०. अंश गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) मोजलेले हवेत, 'थोडा वाकडा राहतो' चालत नाही.

तिरफळ
म्हणजे २० + १० + १० = ४०.

बाभूळ
बेरीज नसते. २० गेल्यावर उरतात ८०, त्याचे १० टक्के ८, झाले २८. उरलेल्या ७२ चे १० टक्के धरून ३५. मग जवळच्या दहावर, आणि पाच वर जातात म्हणून ४०. इथे उत्तर जुळलं हा योगायोग. कोपर नाही लागला तर २८ चे ३०. आणि ३० पासून पुढे जोडीदार व मुलांची वाढीव रक्कम मिळते, त्यासाठी फॉर्म २१-६८६सी वेगळा भरायचा.

गडबडे
पाचवा कुठला तरी बारीक व्रण शोधा आणि तोही दुखतो म्हणा. ३० होतील.

तिरफळ
असले सल्ले देऊ नका. परीक्षक बोटाने दाबून बघतो. एक खोटा निघाला की खऱ्या चारांवरही विश्वास उडतो.

बाभूळ
+१. कोकमसार, आता पुरावा. फोटो दिवसाच्या उजेडात, रंगीत, फिल्टरशिवाय. शेजारी सेंटिमीटरची पट्टी धरा, एक जवळून आणि एक संपूर्ण मान दिसेल असा. ७८०० साठी अशा फोटोंचा विचार करायचा असं नियमातच आहे. तुमचं स्वतःचं निवेदन फॉर्म २१-१०२१० वर. 'खूप त्रास होतो' लिहू नका. दाढी करताना, सीटबेल्ट लावताना, कॉलरचं बटण लावताना काय होतं ते लिहा. वेदना सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. जमलं तर खाजगी डॉक्टरकडून व्रणांचा डीबीक्यू (व्हीएचा तपासणी-प्रश्नावलीचा फॉर्म) भरून घ्या.

पत्राच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत दाखल झालं तर पैसे मूळ क्लेमच्या तारखेपासून मिळतात. वर्ष उलटलं तर सहसा नव्या क्लेमच्या तारखेपासून, मधली थकबाकी गेली. सगळं जमेपर्यंत थांबू नका, फोटो आणि निवेदन जोडून दाखल करा.

कोकमसार
वकील?

तिरफळ
या टप्प्यावर लागत नाही. केलाच तर व्हीएची मान्यता असलेला. थकबाकीच्या २० टक्के फी वाजवी धरतात, एक तृतीयांशाच्या वर गेली तर सही करू नका. आणि एकाच मुद्द्यावर सप्लिमेंटल आणि हायर-लेव्हल दोन्ही एकदम चालत नाही. सप्लिमेंटल फेटाळलं तर त्या नव्या निर्णयावर माझा हायर-लेव्हल आहेच.

माणदेशी
अवांतर: आपल्याकडे नुसत्या दुखऱ्या व्रणाला असे वेगळे टक्के मिळतात का कुणाला? आमच्याकडे बोर्ड हालचाल किती गेली तेवढंच बघतं.

कोकमसार
मानेवरचा आत्ता मोजला. रुंद जागी ०.८ सेंमी, आणि बोटाला वर आलेला लागतो.

बाभूळ
मग ७८०० मध्ये दोन लक्षणं झाली. त्याचेच ३०. ७८०४ चे २० धरून ४४, कोपर लागला तर ५०. पट्टीसकट फोटो काढा आणि फॉर्मवर '७८०० आणि ७८०४ दोन्ही विचारात घ्यावेत' असं स्पष्ट लिहा. ऑनलाइन अपलोड केल्यावर पोच येते, तिची प्रत ठेवा.