शब्दचर्चा : ‘केंद्रीय’ निवडणूक आयोग, आयुक्त आणि अधिकारी

प्रश्न : निवडणुकीवरील एका लेखाचे मुद्रितशोधन करताना एकाच मजकुरात ‘भारत निवडणूक आयोग’, ‘केंद्रीय निवडणूक आयोग’ आणि नुसता ‘निवडणूक आयोग’ असे तीन उल्लेख आढळले. पुढे एका परिच्छेदात ‘राज्याचे मुख्य निवडणूक आयुक्त’ असेही आहे. यांपैकी कोणता उल्लेख प्रमाण मानावा आणि शेवटचा उल्लेख चुकीचा असल्यास त्याजागी काय लिहावे?

प्रतिसाद : राज्यघटनेच्या अनुच्छेद 324 मध्ये फक्त ‘निवडणूक आयोग’ आहे आणि 25 जानेवारी 1950 रोजी अस्तित्वात आलेली ही संस्था स्वतःचे नाव ‘भारत निवडणूक आयोग’ असे लिहिते. ‘केंद्रीय’ हे विशेषण वृत्तपत्रांनी रूढ केले. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर राज्याराज्यांत वेगळे राज्य निवडणूक आयोग स्थापन झाले, तेव्हा दोहोंत फरक दाखवण्याची गरज निर्माण झाली, हे खरे आहे. परंतु या विशेषणामुळे दोन गैरसमज पसरतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की हा आयोग म्हणजे केंद्र सरकारचे एखादे खाते आहे. दुसरा असा, की केंद्रीय आयोग वरचा आणि राज्य आयोग त्याच्या हाताखालचा. प्रत्यक्षात राज्य निवडणूक आयुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात, त्यांना पदावरून दूर करायचे झाल्यास उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागू असलेलीच पद्धत अवलंबावी लागते, आणि ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुकांबाबत ते दिल्लीतील आयोगाला उत्तरदायी नसतात. उलट विधानसभेची निवडणूक राज्याची असूनही ती घेतो भारत निवडणूक आयोगच. म्हणजे ‘केंद्राच्या निवडणुका केंद्रीय आयोगाकडे, राज्याच्या राज्य आयोगाकडे’ अशी जी वाटणी या विशेषणामुळे वाचकाच्या मनात उभी राहते, ती मुळातच चुकीची आहे.

‘राज्याचे मुख्य निवडणूक आयुक्त’ असे पदच नाही. विधानसभा किंवा लोकसभा निवडणुकीचा संदर्भ असेल तर ‘मुख्य निवडणूक अधिकारी’ लिहावे. जिल्हा परिषद, नगरपरिषद, महापालिका यांचा असेल तर ‘राज्य निवडणूक आयुक्त’. दोघांची कार्यालये वेगळी आहेत आणि दोघांना अधिकार देणारे कायदेही वेगळे आहेत.

प्रतिसाद : वरील विवेचन मान्य आहे, तरी ‘केंद्रीय’ शब्द सरसकट बाद करावा असे मला वाटत नाही. बातमीत दोन्ही आयोगांचा उल्लेख शेजारीशेजारी येतो, तेव्हा नुसता ‘आयोग’ म्हटल्यास वाचकाचा गोंधळ होतो. मतदारयादीचेच उदाहरण घ्यावे. आपल्याकडे महापालिकेच्या निवडणुकीसाठी राज्य आयोग विधानसभेची यादी घेतो आणि तिची प्रभागनिहाय विभागणी करतो. त्यामुळे ज्याचे नाव मूळ यादीतच नाही, त्याने अर्ज करायचा तो मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे, आणि ज्याचे नाव यादीत आहे परंतु विभागणीत शेजारच्या प्रभागात गेले आहे, त्याची हरकत जाते प्रभागयादी तयार करणाऱ्या यंत्रणेकडे. बातमीत ‘आयोगाकडे तक्रार करावी’ एवढेच छापले, तर निम्मे वाचक चुकीच्या दारात उभे राहतील.

प्रतिसाद : गरज मान्य, पण उपाय ‘भारत’ या शब्दाने होतो; त्यासाठी ‘केंद्रीय’ लागत नाही. ‘भारत निवडणूक आयोग’ आणि ‘राज्य निवडणूक आयोग’ अशी जोडी वापरली की संदिग्धता उरत नाही.

याच निमित्ताने ‘आयुक्त’ या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी अडचण तिथे आहे. पालिका आयुक्त, पोलीस आयुक्त यांमुळे आयुक्त म्हणजे एका कार्यालयाचा एकटा प्रमुख, असे आपल्या कानाला सवयीचे झाले आहे. निवडणूक आयोगात मात्र आयुक्त म्हणजे आयोगाचा सदस्य. 1989 पर्यंत आयोग एकसदस्यीयच होता, म्हणून पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापासून जवळजवळ चाळीस वर्षे हा भेद जाणवलाच नाही. 16 ऑक्टोबर 1989 रोजी दोन आयुक्त वाढवण्यात आले, जानेवारी 1990 मध्ये ती पदे रद्द झाली आणि ऑक्टोबर 1993 मध्ये, टी. एन. शेषन मुख्य आयुक्त असताना, पुन्हा दोन आयुक्त नेमले गेले. शेषन यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुसदस्यीय रचना वैध ठरवली. तेव्हापासून ‘मुख्य’ याचा अर्थ आयोगाचा अध्यक्ष इतकाच आहे; मतभेद झाल्यास निर्णय बहुमताने होतो आणि मुख्य आयुक्तांचे मतही एकच धरले जाते. म्हणून ‘मुख्य निवडणूक आयुक्तांनी निवडणूक जाहीर केली’ याऐवजी ‘आयोगाने जाहीर केली’ हे अधिक अचूक. एका बाबतीत मात्र ‘मुख्य’ला खरोखर वजन आहे : त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच, म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या विशेष बहुमताच्या मार्गानेच दूर करता येते, तर इतर आयुक्तांना दूर करण्यासाठी मुख्य आयुक्तांची शिफारस लागते. हे संरक्षण सर्वांना सारखे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचे मत समान मोजले जाते त्यांची सुरक्षितता असमान असणे मला पटत नाही.

आणखी एक फसवा शब्द ‘उप निवडणूक आयुक्त’. नावावरून ते आयोगाचे कनिष्ठ सदस्य वाटतात. वस्तुतः ते दिल्लीच्या निर्वाचन सदनातील सचिवालयाचे वरिष्ठ अधिकारी असतात आणि आयोगाच्या निर्णयात त्यांना मत नसते. मराठी बातम्यांत ‘आयुक्तांचे पथक राज्यात दाखल’ असे छापून येते, तेव्हा आलेले आयुक्त आहेत की उप आयुक्त, हे तपासून घ्यावे.

प्रश्नकर्ता : फार उपयोग झाला. एक उपप्रश्न : ‘निवडणूक निर्णय अधिकारी’ यातील ‘निर्णय’ कशाचा? आणि मतदान केंद्रावरील शिक्षकांना लेखात ‘आयोगाचे कर्मचारी’ म्हटले आहे, ते चालेल का?

प्रतिसाद : इंग्रजी रिटर्निंग ऑफिसर या नावामागे, निवडून आलेल्याचे नाव लिहून आज्ञापत्र परत पाठवणारा, ही ब्रिटिश प्रथा आहे. मराठीने ती प्रथा बाजूला ठेवून कामावरून नाव घेतले आणि ते चांगले केले. उमेदवारी अर्जांची छाननी करून अर्ज वैध की अवैध हे तोच ठरवतो, निकालही तोच घोषित करतो, आणि समसमान मते पडली तर चिठ्ठीही त्याच्याच समोर निघते. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 चा निकाल असाच लागला. लोकसभेला हे काम आपल्याकडे सहसा जिल्हाधिकारी करतात, विधानसभेला प्रांताधिकारी किंवा त्या दर्जाचे अधिकारी. जिल्हाधिकारीच ‘जिल्हा निवडणूक अधिकारी’ही असतात, म्हणून एकाच व्यक्तीची तीन पदनामे एका बातमीत आलेली दिसतात, ज्या अधिकारात आदेश निघाला ते पदनाम लिहावे.

‘आयोगाचे कर्मचारी’ मात्र लिहू नये. आयोगाचा स्वतःचा कर्मचारीवर्ग फार लहान आहे. बाकीचे मनुष्यबळ अनुच्छेद 324 च्या सहाव्या खंडानुसार राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांनी आयोगाच्या विनंतीवरून उपलब्ध करून द्यायचे असते. शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी हे आपापल्या आस्थापनेचेच राहतात, परंतु अधिसूचनेपासून निकालापर्यंत कायद्याने ते आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते आणि त्या काळात आयोगाचे नियंत्रण व शिस्त त्यांना लागू होते. तेव्हा ‘निवडणूक कामासाठी नियुक्त कर्मचारी’ असे लिहावे, आणि केंद्रावरील प्रमुखाला ‘मतदान केंद्राध्यक्ष’ म्हणावे. आपल्या लेखात दुसऱ्या पानावर ‘केंद्रप्रमुख’ असेल तर तेही बदलून घ्यावे, कारण केंद्रप्रमुख हे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातील वेगळेच पद आहे.