फायर ब्रिगेडच्या भरतीत मुलींसाठी टार्गेट: असावं का नसावं?

प्रेषक: शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी,

रविवारी आपल्या परदेशातल्या कोल्हापूरकर मंडळाच्या हॉलवर चहाच्या वेळी हा विषय निघाला आणि सगळे एकदम बोलायला लागल्यावर कुणाचंच कुणाला ऐकू येईना, म्हणून इथं टाकतोय. इथल्या आमच्या भागातल्या फायर सर्व्हिसनं भरती काढलीय आणि जाहिरातीत सरळ लिहिलंय की बायकांचं प्रमाण वाढवायचंय, त्यासाठी टार्गेट ठेवलंय.

माझा विरोध बायकांना नाही हे आधीच सांगतो, माझी लेक जिममध्ये माझ्यापेक्षा जास्त वजन उचलते. विरोध आकड्याला आहे. आयटीत ठेवा, बँकेत ठेवा, तिथं एखादा माणूस कमी पडला तर फार तर काम लांबतं, इथं माणूस जातो. खासबागेत कुस्त्या बघत वाढलोय आपण, तिथं जोड बघून कुस्ती लावतात. आग काही जोड बघून लागत नाही. तिसऱ्या मजल्यावर नव्वद किलोचा माणूस बेशुद्ध पडलाय आणि त्याला काढायला आलेली व्यक्ती आकडा भरायला घेतलेली असेल तर त्याच्या घरच्यांना काय सांगणार? आकडा ठेवला की तो गाठायचं प्रेशर साहेबांवर येतं, आणि प्रेशर आलं की टेस्ट ढिली होते, हे कुठल्याही ऑफिसात चार वर्षं काढलेल्याला कळतं.

मनापासून विचारतोय, चिडून नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी लिहा.

---

प्रेषक: उत्तरेश्वर

शाहूपुरीकर, शंभर टक्के सहमत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा आपण इथं फोनवर व्हिडिओ बघत बसलो होतो, झोप नव्हती कुणाला. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं थिएटर, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती आणि आदल्या रात्री ही आग. त्या वेळी बंबाबरोबर कोण आलंय, पुरुष का बाई, हे कुणाच्या डोक्यात तरी होतं का? पाणी मारता येतंय का एवढंच बघायचं. माझ्याकडून विषय संपला.

---

प्रेषक: मंगळवार पेठ, आक्का (दिवाळीपर्यंत मुक्काम कोल्हापूर)

उत्तरेश्वर, विषय संपला नाही रे बाबा, आत्ताशी सुरू झालाय.

जुन्यांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. मी इंग्लंडात आमच्या गावच्या स्टेशनला बरीच वर्षं ऑन-कॉल फायरफायटर होते. म्हणजे पेजर वाजला की हातातलं काम टाकून पळायचं, पाच-सात मिनिटांत बंब बाहेर. त्यामुळं हे वाचून गप्प बसवेना.

शाहूपुरीकर, तुम्ही म्हणता टेस्ट ढिली होते. तर टेस्ट काय असते ते सांगते. ५५ किलोचा डमी उलट्या पावली चालत ३० मीटर ओढायचा, बाईला पण तेवढाच आणि पुरुषाला पण तेवढाच. अंधारा मास्क लावून बोगद्यासारख्या जागेतून रांगत जायचं. होज (पाण्याचा पाइप), पंप, सामान घेऊन ठरलेल्या वेळात फेऱ्या मारायच्या. शिडीवर चढून मध्येच एक पाय अडकवून दोन्ही हात सोडायचे. यातल्या कशालाच बायकांचे वेगळे मार्क नाहीत, कधी नव्हते. जी पास होते ती त्याच टेस्टला पास होते.

मग मुली अडकतात कुठं? शिडी उचलायच्या टेस्टला. खऱ्या शिडीऐवजी एक दांडा असतो, तो १८२ सेंटीमीटरपर्यंत वर न्यायचा आणि परत खाली आणायचा. बघणाऱ्याला वाटतं वजन झेपत नाही. वजनाचा प्रश्नच नसतो! पाच फूट तीन इंचाची मुलगी तो दांडा छातीपर्यंत आरामात आणते, आणि तिथून पुढं तिला हाताची पकड बदलून, दांड्याखाली शिरून, पायांच्या जोरावर ढकलायला लागतं. ही ट्रिक आहे, आणि ती आधी कुणी दाखवली असेल तर दहा मिनिटांत येते, नाहीतर टेस्टच्या दिवशी तिथंच घात होतो. ज्या पोरांचे वडील, काका, मोठा भाऊ स्टेशनवर असतात त्यांनी ती लहानपणीच यार्डात बघितलेली असते. त्यांना कुणी सवलत दिली असं आपण म्हणत नाही.

टार्गेटचा उपयोग इथं होतो. आकडा त्या मुलीसाठी नसतोच, तो खात्यासाठी असतो. तुला इतक्या बायका हव्यात ना, मग परीक्षेला हात न लावता आणून दाखव. शाळा-कॉलेजात जा, जिममध्ये जा, टेस्टच्या आधी यार्ड उघड आणि कुणालाही येऊन शिडी उचलून बघू दे. माझ्या स्टेशनला असे दिवस ठेवायला लागले तेव्हा मुली तर आल्याच, पण ज्यांचं खात्यात कुणीच नव्हतं अशी बारकी पोरं पण आली, हे लक्षात घ्या.

आणि नुसता कागदावरचा आकडा असला की काय होतं ते पण इंग्लंडात बघितलंय. २००८ च्या धोरणात सरकारनं लिहिलं होतं की २०१३ पर्यंत नव्या भरतीत किमान १५ टक्के बायका हव्यात. झालं नाही. आजही फायरफायटरमध्ये दहातली जेमतेम एक बाई आहे. कारण जाहिरात बदलली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. माझे पहिले ग्लोव्हज एवढे ढगळ होते की बोटांच्या टोकाला रिकामी जागा राहायची, त्यात होजचं कपलिंग जोडताना दुप्पट वेळ लागायचा आणि मग मागून कुणीतरी म्हणायचं की बायकांना जमत नाही. बीए सेटच्या, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर हवेचा सिलिंडर असतो त्याच्या, मास्कचं तर विचारू नका, गालाला सील बसलं नाही तर हवा गळते आणि आत थांबायचा वेळ कमी होतो. लहान साइझ मागवली, आली, माझा वेग वाढला. मी तीच, माझे हात पण तेच.

नव्वद किलोच्या माणसाबद्दल. त्याला एकटा कुणीच काढत नाही, पुरुष पण नाही. बीए लावून आत जायचं म्हणजे जोडीनंच जायचं. साडेतेरा मीटरची शिडी चौघं मिळून उभी करतात. आणि तिकडं निम्म्याहून जास्त वर्द्यांना, म्हणजे मदतीच्या कॉलना, आग नसतेच, कधी अलार्म खोटा असतो, कधी रस्त्यावरचा अपघात असतो, पूर असतो, म्हातारं माणूस बाथरूममध्ये अडकलेलं असतं.

पुरावरनं आठवलं. २०१९ ला चिखलीत आमच्या मावशी माडीवर अडकल्या होत्या, खाली पाणी, दारात बोट. दोन पोरं वर आली उचलायला तर मावशी काही केल्या हात लावू देईनात, नऊवारी ओली, एकटी बाई, वय पंच्याहत्तर. पोरं बिचारी हात जोडून उभी. शेवटी शेजारच्या घरातली कॉलेजची मुलगी बोटीतून वर आली, तिनं कमरेला धरलं तेव्हा मावशी उतरल्या. तेवढ्या वेळात बोट दुसऱ्या घरी जाऊन आली असती. हे मेरिटमध्ये कुठल्या कॉलमात धरणार?

उत्तरेश्वर, शाहू महाराजांचं थिएटर तुम्हाला आठवलं, मग २६ जुलै १९०२ चा हुकूम पण आठवा. संस्थानाच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्या समाजांसाठी राखून ठेवल्या. तेव्हा पण कारभार बुडेल म्हणून ओरड झालीच होती. पण महाराज नुसत्या हुकमावर थांबले नाहीत, पोरं शिकावीत म्हणून वसतिगृहं काढली. मला फायर सर्व्हिसकडून हेच पाहिजे.

---

प्रेषक: शाहूपुरीकर

आक्का, एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. दांड्याची गोष्ट मला खरंच माहीत नव्हती.

तरी एक मुद्दा सुटत नाही. टेस्ट एकच असेल आणि यार्ड सगळ्यांना उघडं असेल तर मग आकडा कशाला? प्रयत्न करा, येतील तेवढ्या येतील. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सनं भरतीतल्या निम्म्या जागा बायकांना द्यायचं ठरवलं. अर्ज करणाऱ्यांत पुरुष कितीतरी जास्त, मग पास झालेला एखादा चांगला मुलगा फक्त मुलगा आहे म्हणून बाहेर राहणार. त्याच्या आईला काय वाटत असेल?

---

प्रेषक: मंगळवार पेठ, आक्का

त्या आईला वाईट वाटणारच, आणि निम्म्याचा आकडा मला स्वतःला पटत नाही. अर्जांत बायका जितक्या आहेत त्याच्या फार पुढं आकडा नेला तर आत आलेल्या प्रत्येक मुलीकडं स्टेशनवरची माणसं संशयानं बघतात, आणि ते तिलाच भोगायला लागतं. आकडा दरवर्षी थोडा थोडा वाढावा.

पण आकडाच नको, येतील तेवढ्या येतील, हे मला मान्य नाही. न्यूयॉर्कचं बघा. १९७७ ला तिथं पहिल्यांदा बायकांना परीक्षेला बसू दिलं, नव्वदेक जणींनी शारीरिक टेस्ट दिली आणि एकही पास नाही! ब्रेंडा बर्कमन नावाची त्यांच्यातलीच एक, ती कोर्टात गेली. १९८२ ला कोर्टानं सांगितलं की ही टेस्ट प्रत्यक्ष कामाशी जुळतच नाही. नवी टेस्ट झाली आणि त्याच वर्षी चाळीसेक बायका भरती झाल्या. आता सांगा, शून्य आल्यावर खात्याला टेस्ट तपासावीशी वाटली होती का? आकडा समोर असता तर शून्य बघून कुणीतरी विचारलं असतं की बाबांनो, नक्की मोजतोय काय आपण.

---

प्रेषक: कागलकर

मी सहसा लिहित नाही पण माझी पुतणी कागलात भरतीची तयारी करतेय म्हणून विचारतो. आपल्याकडं महाराष्ट्रात तर भरतीत महिलांना ३० टक्के जागा आहेतच की. तरी २०२३ ला मुंबईच्या ९१० जागांची भरती झाली तेव्हा दहिसरच्या मैदानावर उंचीवरनं केवढा गोंधळ झाला, १६२ सेंटीमीटर पाहिजे होती आणि मुली म्हणत होत्या आमची मोजणी चुकीची केली, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या पोरींनी. पुतणीनं ते बघितलंय, तेव्हापासनं घरात रोज भिंतीला टेकून उंची मोजत्या. आक्का, तिला काय सांगू? तिची आई म्हणते पोलीस भरती बघ, हे नको.

---

प्रेषक: मंगळवार पेठ, आक्का

कागलकर भाऊ, तिला माझा नंबर द्या आणि रविवारी घरी पाठवा, आईला पण घेऊन येऊ दे.

३० टक्क्यांचं असं आहे की ते समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमध्येच बायकांचा वाटा. त्या प्रवर्गात पात्र बाई मिळाली नाही तर जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषाला जाते. म्हणजे आकडा कागदावर पुरा आणि स्टेशनवर बाई नाही, असं होऊ शकतं. अग्निशामक व्हायचं तर सहा महिन्यांचा कोर्स लागतो, घर सोडून राहायला लागतं, आणि आपल्याकडं मुलीच्या बाबतीत गाडं तिथंच अडतं. फी कशीतरी उभी राहते, पण राहायचं कुठं, रात्री सोबत कोण, लग्नाचं काय, यावर घरात चर्चा सुरू होते आणि फॉर्मची तारीख निघून जाते. मुलगी या कामात येणं आपल्या महाराष्ट्राला काही नवीन नाही, नागपूरच्या फायर सर्व्हिस कॉलेजात २००२ साली हर्षिनी कान्हेकर पहिली मुलगी म्हणून गेली, तोवर तिथं सगळी मुलंच होती.

तेव्हा कमिटीला माझं मागणं. गणेशोत्सवाच्या शिल्लक रकमेतनं दरवर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या दोन मुलींचा कोर्सचा राहण्या-जेवणाचा खर्च मंडळानं उचलावा. निवड मी इथं बसून करणार नाही, नात्यागोत्याचा आरोप नको. पळणं, दोरीवर चढणं आणि वजन घेऊन जिने, एवढं जी करून दाखवेल तिला.

---

प्रेषक: शाहूपुरीकर

आक्का, भरतीतल्या आकड्याबद्दल माझं मत अजून तिथंच आहे. पण या प्रस्तावाला माझा पाठिंबा, पहिल्या वर्षी एका मुलीचा खर्च मी देतो. एकच अट, जिन्याचं वजन मुलांना देतात तेवढंच ठेवा.

---

प्रेषक: मंगळवार पेठ, आक्का

तेवढंच ठेवणार. कमिटीनं पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घ्यावं. आणि कागलकर, पुतणीला म्हणावं बूट घालून ये, साडेसात वाजता, आमच्या बिल्डिंगला पाच मजले आहेत आणि लिफ्ट बंदच असते.