निनावी खात्याचं क्रेडिट टीमच्या बेरजेत धरावं का?

रात्रपाळी

बॉइंक म्हणजे आपल्या रिकाम्या कॉम्प्युटरची ताकद विज्ञान प्रकल्पांना देणारं सॉफ्टवेअर. केलेल्या कामाचे गुण म्हणजे क्रेडिट, ते टीमच्या बेरजेतही जातं. मुंबईतल्या बॉइंक टीमांमध्ये हा वाद वरचेवर उगवतो, म्हणून एकदा नीट मांडतो. टीमच्या यादीत एक नवं खातं येतं. नावाच्या जागी 'अज्ञात' किंवा नुसते आकडे, देश भरलेला नाही, कॉम्प्युटर लपवलेले, निरोपाला उत्तर नाही. दोन-तीन आठवड्यांत ते जुन्या सगळ्या सभासदांना मागे टाकतं. टीमचा क्रमांक वर सरकतो आणि पुढे कोणी काही विचारत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. असं क्रेडिट टीमने आपलं म्हणून मिरवू नये. संस्थापकाला टीमच्या पानावरून सभासद काढता येतो. पंधरा दिवस उत्तराची वाट पाहावी आणि काढावं.

कारण विजेचं बिल कोणीतरी भरतंच. सीप्झ किंवा लोअर परळमधल्या एखाद्या ऑफिसचे ४० डेस्कटॉप धरा. निवांत असताना एक मशीन साधारण ३० वॉट खातं, प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लागले की १००. दिवसाचे १२ तास मशीन तसंही चालू असतं, म्हणजे जादा ७० वॉट. ४० मशीनचे ३३.६ युनिट. रात्री जी मशीन बंद झाली असती ती १२ तास १०० वॉटने चालली, त्याचे ४८ युनिट. दिवसा ती उष्णता एसीला बाहेर टाकावी लागते. एक युनिट खाऊन एसी तीनेक युनिट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे आणखी ११ युनिट. महिन्याला २,७८० च्या आसपास युनिट. दर दहा रुपये धरला तरी २७,८०० रुपये. मालकाने हे पैसे विज्ञानासाठी खुशीने दिले असतील तर त्याला सलाम. त्याला पत्ताच नसेल, तर आपल्या टीमचा क्रमांक त्याच्या खिशातून वर जातोय.

शीव_स्टेशन

पूर्ण असहमत. निनावी म्हणजे चोरीचं, ही उडी कुठून मारली?

आधी विज्ञानाचं बघू. बॉइंक नावावर विश्वास ठेवतच नाही. एकच काम दोन वेगळ्या मशीनना जातं आणि उत्तरं जुळली तरच दोघांना क्रेडिट मिळतं. काही प्रकल्प भरवशाच्या मशीनसाठी ही दुहेरी तपासणी कमी करतात, पण भरवसा कमवावा लागतो. ओळीने दहा बरोबर उत्तरं येईपर्यंत प्रत्येक काम दुसऱ्याकडे तपासलं जातं. त्यानंतर शंभर बरोबर असतील तर शंभरात एक या हिशेबाने, आणि तेही अचानक, त्यामुळे कुठलं काम तपासलं जाणार हे मशीनवाल्याला आधी कळत नाही. एक उत्तर चुकलं की गणती पुन्हा शून्यावर. म्हणजे अज्ञात माणसाने पाठवलेला निकाल तुमच्या-माझ्या निकालाइतकाच पक्का असतो.

आता परवानगी. नाव दिलं म्हणजे परवानगी होती, असं कुठे आहे? २००९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका शाळा-विभागात हजारो कॉम्प्युटरवर परवानगीवाचून सेटी अ‍ॅट होम हा परग्रहांवरच्या जीवांचे संकेत शोधणारा बॉइंक प्रकल्प चालवल्याचं प्रकरण निघालं, आयटी प्रमुखाला पद सोडावं लागलं. ते खातं निनावी नव्हतं. सेटीच्या यादीत अगदी वरचं, सगळ्यांना माहीत असलेलं खातं होतं. तुमचा नियम त्या खात्याला सन्मानाने आत ठेवतो आणि घरच्या दोन मशीनवर गुपचूप काम करणाऱ्याला बाहेर काढतो.

लॅमिंग्टन

वाद पुढे जाण्याआधी एक गफलत काढून टाकू. बॉइंकमध्ये 'अ‍ॅनॉनिमस' हा शब्द दिसतो तिथे बहुतेकदा निनावी खातं नसतंच.

एखाद्या कामाचं पान उघडलं की आपल्या जोडीला तेच काम कोणत्या मशीनने केलं ते दिसतं. मशीनचा क्रमांक असतो. तो उघडला की प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम, शेवटचा संपर्क, सरासरी किती दिवसांत काम परत येतं, हे सगळं दिसतं. मालकाच्या रकान्यात 'अ‍ॅनॉनिमस' असेल तर अर्थ एवढाच, की त्याने पसंतीच्या पानावर 'माझे कॉम्प्युटर दाखवा' ही खूण काढलेली आहे. खात्याला रीतसर नाव असू शकतं.

फोल्डिंग अ‍ॅट होममध्ये, म्हणजे प्रथिनांच्या घड्या अभ्यासणाऱ्या, बॉइंकबाहेरच्या प्रकल्पात, गोष्ट आणखी वेगळी. तिथे नावाला कुलूप नाही. काही न भरता क्लायंट, म्हणजे मशीनवरचं सॉफ्टवेअर, चालवला की काम 'अ‍ॅनॉनिमस' नावावर आणि शून्य क्रमांकाच्या टीमवर जमा होतं. तो जगभरातल्या लोकांचा एकत्र ढीग आहे, एक माणूस नाही. पासकी (आपलं काम ओळखवणारी खासगी किल्ली) न घेतल्याने त्यांना लवकर परत दिल्याचा बोनसही मिळत नाही. (पासकी घेतली तरी आधी दहा कामं यशस्वी परत करावी लागतात आणि ऐंशी टक्के कामं वेळेत पुरी करावी लागतात.) त्यामुळे निनावी लोकांचं खरं काम गुणांत दिसतं त्यापेक्षा जास्तच असतं.

आता 'अचानक' उसळीबद्दल. आरएसी, म्हणजे अलीकडच्या सरासरी क्रेडिटचा आकडा, पाहून कोणी घाबरू नये. त्याचा अर्धायुष्यकाळ एक आठवडा आहे. रोज सारखंच काम करणारं नवं खातं पहिल्या आठवड्यात खऱ्या वेगाच्या निम्म्यावर, चौथ्या आठवड्याअखेर ९४ टक्क्यांवर पोहोचतं. महिनाभर चढत जाणारी रेघ दिसते, प्रत्यक्षात वेग पहिल्या दिवसापासून तोच असतो. रोजचं एकूण क्रेडिट लिहून वजाबाकी करा, तेच खरं.

एका दिवसात डोंगर उभा राहिला तर आधी तीन साध्या शक्यता तपासा. प्रकल्पाचा तपासणी सर्व्हर काही दिवस अडकला होता आणि साठलेलं क्रेडिट एकदम सुटलं. किंवा स्पर्धेसाठी साठवण केली होती: बॉइंकचं नेटवर्क बंद ठेवून कामं पुरी करायची, मुदतीआधी सगळी एकदम पाठवायची. दर मे महिन्यात बॉइंक पेंटॅथलॉन होते, तेव्हा हे हमखास दिसतं. किंवा सीपीयूऐवजी एकच तगडं ग्राफिक्स कार्ड लागलंय. काही प्रकल्पांत एक कार्ड ऑफिसच्या अख्ख्या मजल्याला भारी पडतं.

कलम_४३

लॅमिंग्टन, माहिती अचूक आहे, पण साध्या शक्यता संपल्यावर उरतं त्याचं काय? मी रात्रपाळींच्या बाजूने.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ वाचा. मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर वापरणं हेच मुळात भरपाईला पात्र आहे. तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काही नासधूस झाली नाही, मशीन रिकामंच होतं, या बचावाने कलम ४३ टळत नाही.

आणि निनावी क्रेडिटमागे प्रत्येक वेळी माणूसच मशीनपाशी बसलेला असतो, हेही धरून चालू नका. २००० मध्ये बायमर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) विंडोजच्या उघड्या शेअर फोल्डरमधून पसरला. आत शिरला की डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट या बॉइंकसारख्याच दुसऱ्या प्रकल्पाचा क्लायंट बसवायचा आणि श्रेय भलत्याच खात्याला जायचं. ज्यांची मशीन राबत होती त्यांना फक्त पंखा जोरात फिरताना ऐकू यायचा. २०२४ मध्ये ब्राउझर अपडेटच्या बनावट पानांमधून गुपचूप बॉइंक बसवल्याचे प्रकार उघड झाले. परवानगी विचारणं हे सभ्य टीमचं काम आहे.

शीव_स्टेशन

२०२४ च्या प्रकारात ते बॉइंक खऱ्या प्रकल्पांना जोडलेलंच नव्हतं, हल्लेखोरांच्या बनावट सर्व्हरला जोडलं होतं. मशीनवर ताबा ठेवण्यासाठी त्याचा वापर झाला. त्यातून कोणत्याही टीमला क्रेडिट मिळालं नाही. तो धोका मशीनच्या मालकाने सांभाळायचा आहे, टीमच्या यादीत तो दिसणारही नाही.

बायमरचं उदाहरण मान्य. पण त्यावर उपाय प्रकल्पाकडे आहे. त्यांना आयपी दिसतो, मशीनचं नाव दिसतं. आपल्याला यातलं काही दिसत नाही आणि दिसूही नये.

मूळ_संख्या

मी निनावीपणाच्या विरोधात आहे, पण माझं कारण चोरी नाही. शोध लागला तर श्रेय कोणाला?

२०१० मध्ये आइन्स्टाइन अ‍ॅट होमला (बॉइंकवरच्या एका खगोल प्रकल्पाला) पहिला रेडिओ पल्सार, म्हणजे वेगाने फिरत रेडिओ लहरी सोडणारा मृत तारा, सापडला, पीएसआर जे२००७+२७२२. अरेसिबो दुर्बिणीने २००७ मध्ये टिपलेल्या डेटात तो होता, सेकंदाला जवळपास ४१ फेऱ्या मारणारा. अमेरिकेतल्या आयोवामधलं एक जोडपं आणि जर्मनीतल्या माइन्झमधला एक जण, यांच्या मशीननी तो पकडला आणि जाहीर करताना त्यांची नावं घेतली गेली. खात्याला चालू ईमेल नसता तर त्यांना कळवणार कोण?

जिंप्स या मर्सेन मूळ संख्या (२ चा घात वजा १ अशा रूपाच्या) शोधणाऱ्या प्रकल्पातही खातं न काढता त्याचं प्राइम९५ हे सॉफ्टवेअर चालवता येतं, काम 'अ‍ॅनॉनिमस'वर जातं. समजा त्याच मशीनला पुढची मर्सेन मूळ संख्या मिळाली. सर्व्हरकडे आकडा आहे, माणूस नाही. म्हणून सल्ला एवढाच, की जगाला नाव सांगू नका, पण प्रकल्पाकडे रोज उघडता तो ईमेल असू द्या.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. २०२४ मध्ये सापडलेली २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही संख्या, ४,१०,२४,३२० अंकांची, एकाच स्वयंसेवकाने १७ देशांतल्या डेटा सेंटरांमध्ये भाड्याने घेतलेल्या ग्राफिक्स कार्डांवर मिळाली. त्याचं काम बाहेरून पाहणाऱ्याला नेमकं तसंच दिसलं असतं जसं रात्रपाळींना संशयास्पद वाटतं: एकाएकी, प्रचंड, जगभर पसरलेलं. सगळं स्वतःच्या पैशाने केलेलं.

गोरेगावकर

परवानगी मिळालेल्या ऑफिसातही बॉइंक बेजबाबदारपणे चालवलं की मालक आठवड्यात बंद करायला लावतो, आणि मग पुढचा माणूस विचारण्याऐवजी लपूनच चालवतो. निनावी खात्यांचं एक मूळ इथे आहे, म्हणून लिहिते.

मुंबईत रात्री ऑफिसचा एसी बंद असतो. मे महिन्यात बंद मजल्यावर ४० मशीन पूर्ण भाराने म्हणजे चार किलोवॉटचा हीटर. प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो, काम मुदतीनंतर परत जातं आणि वीज फुकट जाते. सेटिंगमध्ये 'सीपीयूंपैकी ५० टक्के' ठेवा आणि 'सीपीयू वेळ' १०० टक्के. लोक उलटं करतात, वेळ ५० टक्के ठेवतात. तेव्हा बॉइंक सारखं काम थांबवतं-चालू करतं, पंखा वर-खाली होत राहतो आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याच्या) जाळीवर दमट हवेतली धूळ चिकट थर धरते. ती दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने उडवायची, मशीन बंद करून आणि पंख्याचं पातं बोटाने धरून.

परवानगी तोंडी घेऊ नका. एक पान पुरतं: कोणती मशीन, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती कोअर, महिन्याचा अंदाजे युनिटचा आकडा, प्रकल्पाचं नाव, आणि बंद कोणी व कसं करायचं. मशीन जोडताना खात्याची मुख्य की देऊ नका, 'वीक की' द्या. तिने मशीन जोडता येतं, खात्यात शिरता येत नाही. खातं ऑफिसच्या सामाईक ईमेलवर असावं. माणूस नोकरी सोडून गेला आणि मशीन त्याच्या खासगी खात्यावर राबत राहिली, की वर्षभराने तेच तुमचं गूढ खातं होतं.

रात्रपाळी

गोरेगावकर, शेवटचं वाक्य मनाला लागलं. सोडून गेलेल्या माणसाची मशीन, ही शक्यता मी धरलीच नव्हती.

अ‍ॅरिझोनाचं उदाहरणही पटलं. नाव असणं हा निकष चुकीचा. पण परवानगीचा आग्रह मी सोडणार नाही. आता मी एवढंच म्हणतो, की काढायचं नाही, विचारायचं. निरोप असा: "नमस्कार. तुमच्या कामाबद्दल मनापासून आभार. नाव किंवा ठिकाण सांगण्याची गरज नाही. ही मशीन तुमची आहेत, किंवा मालकाची लेखी परवानगी आहे, एवढं 'हो' म्हणून कळवा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास टीममधून काढावं लागेल."

लॅमिंग्टन

एक बारीक गोष्ट. काढलं तरी तोपर्यंतचं क्रेडिट टीमकडेच राहतं, फक्त नवं यायचं थांबतं. म्हणजे 'बेरजेत धरू नये' हे काढण्याने साधत नाही. टीमच्या पानावर वेगळं लिहावं लागेल.

कलम_४३

मग लिहा. "यातलं इतकं क्रेडिट अशा खात्याचं, ज्याची परवानगी आम्हाला तपासता आली नाही." ही एक ओळ मला पुरेशी आहे. कोणावर आरोप नाही आणि टीमही खोटं बोलत नाही.

शीव_स्टेशन

या ओळीला माझी हरकत नाही. निरोपातलं शेवटचं वाक्य मात्र काढा. ज्याने खरंच चोरून लावलंय तो 'हो' म्हणून मोकळा होईल, आणि जो ईमेल पाहतच नाही तो निष्पाप माणूस बाहेर जाईल. त्या जागी गोरेगावकरांचं एक पानाचं पत्र नमुना म्हणून जोडा, आणि मशीन प्रकल्पातून कसं सोडवायचं ते सांगा: बॉइंक मॅनेजरमध्ये आधी 'नवीन कामं नकोत', हातातली कामं पुरी होऊन परत जाऊ द्या, मग 'प्रकल्प काढा'. घाबरून थेट अनइन्स्टॉल केलं तर अर्धी कामं मुदत संपेपर्यंत लटकतात आणि जोडीदार मशीनचं क्रेडिटही तोवर अडकून राहतं.

रात्रपाळी

वाक्य काढलं. पत्राचा नमुना गोरेगावकरांनी पाठवला की जोडतो. युनिटचा रकाना दिवसाचा आणि रात्रीचा वेगळा ठेवा, एसीचा हिशेब फक्त दिवसात येतो.